सही का केली नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माहेरच्या लग्नात, मुलीच्या पालकसभेत, सगळीकडे तेच येतं: घरातल्या घरात मिटलं असतं, वाटपाचा दावा लावण्यापेक्षा नवऱ्याच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी का झाली नाहीस?

त्या दिवसाचं सांगते. ह्यांचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं. मोठे भाऊजी म्हणाले, "वारसनोंद करायचीय, आधार कार्ड घे, तालुक्याला जाऊ." वारसनोंद तलाठ्याकडे होते, एवढं मला ठाऊक होतं. गाडी थांबली ती दुय्यम निबंधक कार्यालयासमोर, जिथे दस्तांची नोंदणी होते. भावकीतले दोघं साक्षीदार म्हणून आधीच येऊन बसलेले, माझ्याकडे बघेनात. दस्त लिहिणाऱ्याने कागद पुढे केला, बोट ठेवून दाखवलं, इथे आणि इथे. मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. भाऊजी म्हणाले, "नंबर आलाय, घरी जाऊन वाच." मी वाचत राहिले. तिसऱ्या पानावर सापडलं: कोणताही मोबदला न घेता मी माझा व माझ्या अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलीचा हक्क कायमचा सोडत आहे. पेन खाली ठेवलं. कुणी आवाज चढवला नाही. भाऊजी एवढंच म्हणाले, "तुला जेवायला कधी कमी केलं का?"

नव्हतं केलं. दवाखान्याचं बिल त्यांनी भरलं, सोसायटीचं कर्ज त्यांनी फेडलं. ऊस तेच बघतात आणि चांगला बघतात. हे मी कोर्टातही नाकारलं नाही. पण जेवण म्हणजे अन्नवस्त्र, नुसता पोसून घेण्याचा हक्क, मालकी नव्हे. 1937 च्या कायद्याने विधवेला नवऱ्याचा हिस्सा दिला तोही हयातीपुरता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 ने ती अट काढून पूर्ण मालकी दिली. मला वाढलेल्या ताटाच्या बदल्यात मी ती परत का करू?

आणि मुलीचं काय? वारसाने तिला आलेला हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलाही सोडता येत नाही. तो माझा नव्हताच.

"उद्या दुसरं लग्न केलंस तर जमीन परक्या घरात जाईल," हेही ऐकलं. लग्नाचा विचार माझ्या मनात नाही, पण केलं तरी नवऱ्याच्या पश्चात मिळालेला हिस्सा परत जात नाही. सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये हे सांगितलंय.

आमच्याच सांगलीच्या कोर्टात हिराबाई मगदूम यांनी वाटपाचा दावा लावला होता. नवरा 1960 मध्ये गेला, मागे दोन मुलगे, तीन मुली. खालच्या कोर्टाने त्यांना 1/24 दिला. त्यांचं म्हणणं, नवऱ्याच्या हयातीत वाटप झालं असतं तर माझा 1/4 निघाला असता, त्यात त्याच्या 1/4 वाट्यातून सहा वारसांपैकी एक म्हणून माझा 1/24 मिळवा, म्हणजे 7/24. सुप्रीम कोर्टाने ते 1978 मध्ये मान्य केलं. समोर पोटचा मुलगा होता. त्यांनाही लोकांनी विचारलंच असेल, आणि मला त्यांच्या उत्तराची फार गरज वाटते.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांना सांगायचे, मला जमीन नको, मान हवा. आता तसं म्हणवत नाही. मला जमीन हवी आहे. सातबाऱ्यावर नाव हवं, उसाचं बिल माझ्या खात्यावर हवं, मुलीच्या शिक्षणासाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको. हे लोभासारखं दिसत असेल तर दिसू दे. पण रात्री वाटतं, थोडं थांबले असते, भावकीची बैठक बसवली असती, तर पुतणीच्या लग्नाची पत्रिका तरी आली असती. दुसऱ्या दिवशी तो तिसऱ्या पानावरचा मजकूर आठवतो.

सगळ्यात अवघड सासूबाईंचं आहे. ह्यांच्या हिश्श्याला मी, मुलगी आणि त्या अशा तिघी सारख्या वारस. वाटपाच्या दाव्यात सगळ्या हिस्सेदारांना घ्यावंच लागतं, म्हणून त्यांचं नाव प्रतिवादीत आलं आणि समन्स त्यांच्याही हातात पडलं. मुलगा गेलेल्या बाईला सुनेने कोर्टात ओढलं, असं गाव म्हणतं. त्यांचा वाटाही याच दाव्यातून निघणार आहे, हे सांगायला मी दोनदा गेले. त्यांनी दार उघडलं नाही. कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी जमिनीचं सरसनिरस, म्हणजे चांगली-हलकी जमीन बघून, वाटप कलेक्टरमार्फत व्हायचं आहे, आणि सासूबाईंचं वय झालंय.