सतरा इंची चाकं आणि तात्यांची डायरी

गाडी दुकानात शिरली तेव्हा आधी चाकंच दिसली. काळी, कडेला चंदेरी धार, सतरा इंची. वर गाडी मात्र आपली साधी पांढरी स्विफ्ट, व्हीएक्सआय. धोतरावर स्पोर्ट्स शूज घालावेत तसं ते ध्यान दिसत होतं. पण हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं नसतं, आणि तसलेच चार नमुने माझ्याही भिंतीवर टांगलेले आहेत.

चालवत होता पंचविशीतला पोरगा. शेजारून उतरले ते त्याचे वडील, एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांच्या हातात रेक्झिनच्या कव्हरची डायरी होती.

"आवो, दोन महिन्यामागं तुमच्याकडं अलाइनमेंट केली आन् तवापासनं गाडी पेट्रोल प्यायला लागलीय," त्यांनी उभ्या उभ्याच सुरुवात केली. "स्टेरिंग थरथरतंय. ढकलल्यागत डावीकडं जातीय. काय केलंय काय तुम्ही?"

साताऱ्यात चौदा वर्षं टायरचा आणि अलाइनमेंटचा, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणायचा, धंदा करतोय, पण आळ इतका कागदोपत्री कधी आला नव्हता. तात्यांनी डायरी उघडून माझ्यापुढे धरली. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. टाकी फुल ते टाकी फुल. अलाइनमेंटच्या आधी अ‍ॅव्हरेज १९.८. नंतरच्या भरण्यांत घसरत घसरत १६.९.

"आणि ही चाकं कधी बसवली?" मी पोराला विचारलं.

"त्याच्या पुढच्याच आठवड्यात. पुण्यात." त्याने मान खाली घातली. हा भाग तात्यांच्या डायरीत नव्हता.

मी गाडी हायवेला काढली. ऐंशीला स्टिअरिंग थरथरायला लागलं, शंभरच्या आसपास जरा शांत झालं. डाव्या लेनमध्ये ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत गाडी आपोआप शिरत होती. रुंद टायरला ती खोडच असते, पण इतकी नाही. परत येऊन आधी हवा तपासली. चारही चाकांत २६.

"गाडी फार आदळत होती, म्हणून कमी केली," पोरगा म्हणाला.

तिथेच माझ्या डोक्यात अर्धं प्रकरण उलगडलं. मूळ टायर १६५/८०, चौदा इंची, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची त्याच्या ८० टक्के. त्याची भिंत १३२ मिलिमीटर. नवा २०५/५०, सतरा इंची. भिंत साधारण १०२. म्हणजे रस्ता आणि रिम यांच्यामधली गादी तीन सेंटिमीटरनी पातळ झाली. गाडी आदळणारच. आदळते म्हणून हवा काढली, हवा काढली म्हणून टायर चपटा होऊन ओढ वाढली, आणि खड्ड्यात रिम थेट दगडाला भेटायला लागली.

पुढचं डावं चाक काढून बॅलन्सिंगच्या मशिनवर चढवलं आणि फिरवलं. बाहेरून चाक देखणं, आतली कड मात्र लाटेसारखी वरखाली होत होती. खडू स्थिर धरला, तर कडेच्या एकाच भागावर रेघ उमटली. तेवढी जागा वाकलेली. आधीच्या दुकानदाराने त्याच्यावर शिशाच्या चिकटपट्ट्या एकावर एक लावल्या होत्या. वाकलेल्या चाकाला शिसं लावून समतोल आणणं म्हणजे लंगड्या टेबलाखाली कागदाची घडी सरकवणं.

दुसरी गोष्ट मधल्या भोकात निघाली. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्या गाभ्यावर बसतं त्याचा, व्यास ५४ मिलिमीटर, आणि या अलॉयचं, म्हणजे मिश्रधातूच्या चाकाचं, भोक ७३ चं, म्हणजे पाच-पन्नास गाड्यांना चालावं असं पाडलेलं. मधली फट भरायला प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग लागते. ती घातलीच नव्हती. गाडी जमिनीवर टेकलेली असताना गन मारून नट आवळले की चाक केसभर खाली बसतं आणि मग तसंच फिरत राहतं. ऐंशीची थरथर बरीचशी तीच.

तात्यांना यातलं काही पटत नव्हतं. "गोल ते गोल," ते म्हणाले. "चाकानं अ‍ॅव्हरेज कसं जाईल?"

मग डिकीतून स्टेपनी काढली. ती अजून जुनीच होती, चौदा इंची, कोरी. आमच्या कारागिराने ती आणि एक नवं चाक उचलून शेजारच्या भुसार दुकानात नेलं. ज्वारीच्या पोत्याशेजारी काट्यावर ठेवलं. स्टेपनी चौदा किलो. नवं चाक साडेवीस. अलॉय म्हणजे हलकं, हे कंपनीच्या चांगल्या अलॉयला आणि त्याच मापाला लागू. स्वस्तातलं ओतीव सतरा इंची चाक रुंद टायरसकट लोखंडी चौदा इंचीला सहज मागं टाकतं. चार चाकांचे सव्वीस किलो जास्त. हे वजन डिकीत ठेवलेलं परवडलं. चाकातलं वजन दर सिग्नलला नुसतं पुढे न्यायचं नसतं, ते गरागरा फिरवायचंही असतं, आणि ब्रेक मारला की थांबवायचंही. त्यातून ते कडेला, मधापासून लांब सरकलेलं.

"लहान मुलाला गरागरा फिरवायचं आणि मोठ्याला, यात फरक आहे ना तात्या?"

"हाय," ते नाइलाजाने म्हणाले.

पण खरी मजा मोजपट्टीने केली. शिवणकामाची लवचीक टेप स्टेपनीभोवती गुंडाळली. घेर १९४ आणि वर अर्धा सेंटिमीटर. नव्या चाकाचा घेर बरोबर दोन मीटर. म्हणजे दर फेऱ्याला गाडी साडेपाच सेंटिमीटर जास्त पुढे जाते, आणि मीटर बिचारा फेरेच मोजतो. जुन्या चाकाचे किलोमीटरला पाचशे चौदा फेरे होतात. एवढे फेरे नव्या चाकाने घेतले, तर मीटर एक किलोमीटर सांगतो आणि गाडी चालते एक किलोमीटर अठ्ठावीस मीटर.

तात्या एकदम बाकावर बसले आणि डायरीत मागच्या पानावर गुणाकार मांडला. १६.९ चे १७.४ झाले. घटलेल्या अ‍ॅव्हरेजमधलं अर्धा किलोमीटर घटलंच नव्हतं, ते नुसतं मोजायचं राहिलं होतं. उरलेलं अडीचएक खरं गेलं होतं. पेन तसंच धरून त्यांनी वर पाहिलं.

"मग काटा ऐंशीवर असताना मी किती पळवत हुतो?"

"पूर्वीच्या ऐंशीपेक्षा सव्वादोनने जास्त."

नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांना कुणी मेमो दिला नाही अशा माणसाला हे सगळ्यात जास्त लागलं. पोराकडे त्यांनी जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

पोराची बाजू अगदीच लंगडी नव्हती, हेही सांगायला हवं. दुपारी रिंगा घातल्या, चाकं हवेत असताना नट चांदणीसारखे आडवे-उभे आवळले, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट पाहिली. खड्ड्यांनी टो, म्हणजे चाकांच्या तोंडांची दिशा, बाहेर गेला होता. टायरवर एका बाजूने हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवत. ते सरळ केलं, हवा भरली, वाकलेल्या चाकाच्या जागी तात्पुरती स्टेपनी न लावता (पुढच्या दोन चाकांचा घेर वेगळा ठेवून लांब पळवायचं नसतं) ते चाक मागच्या बाजूला बसवलं आणि आम्ही तिघं यवतेश्वरच्या घाटात गेलो.

"आता बघा," पोरगा म्हणाला, आणि खरंच, गाडी वळणात जुन्या चाकांवर बसते त्यापेक्षा नीट बसत होती. जुना उंच टायर वळणात आधी कुशीवर लवतो, मग गाडी वळते. हा लवतच नव्हता. स्टिअरिंग हलवलं की तोंड वळलेलं. सुक्या, गुळगुळीत डांबरावर मलाही मोह पडला.

पण पुढच्या एका वळणात डांबर उखडलं होतं. तिथे मागचं चाक उडालं आणि गाडी हातभर बाहेर सरकली. जड चाक एकदा उसळलं की त्याला परत रस्त्यावर दाबायला स्प्रिंग आणि शॉकअप कमी पडतात, आणि हवेतल्या टायरला पकड कसली? चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जिथे गाडी पूर्वी ओढायची, तिथे पोरगा दुसऱ्यात उतरत होता. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. यू टर्न घेताना मडगार्डच्या आत घासल्याचा आवाज आला. उतरून मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर आतल्या प्लॅस्टिकवर टायरने चकचकीत पट्टा पाडलेला. चाकाची बाहेरची बाजूही मडगार्डच्या रेषेला आलेली. म्हणजे बेअरिंगवरचा भार बाहेर सरकला. विम्याचं काय होईल ते मी त्याला विचारायला सांगितलं. कंपनीने त्या गाडीला दिलेल्या मापाबाहेर गेलं की तो प्रश्न येतोच.

त्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनी पंधरा इंची, १८५/६५ देते. घेर जवळजवळ जुन्याइतकाच, भिंत १२० मिलिमीटर. ते घे, असं मी म्हटलं. तो "बघतो" म्हणाला. बघतो म्हणजे नाही, हे धंद्यात शिकलोय. मी जास्त बोललो नाही. चाकं घेताना हप्ते पाडले होते, ते तात्यांना अजून माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्याचाच फोन आला. पावसात, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुसरी रिम गेली होती.

पंधरा इंची बसवली त्यानंतर महिनाभराने तात्या एकटेच आले, हवा भरायला. डायरी दाखवली. मधे लाल रेघ, तिच्याखाली "हितनं फुडं चाक १५", आणि मग १९.१, १९.३, १९.२.

"चाकं तर बरोबर बसली," मी म्हटलं. "मग १९.८ ला अजून सहा दशांश कमी का?"

तात्यांनी डायरी मिटली. "ते पोराच्या उजव्या पायात हाय. त्याची अलाइनमेंट करता का?"