लूक ४ आणि यशया ६१

स्मरणिकेत बहुतेक जण मैदान, गॅदरिंग, डबे यावर लिहिणार, मी आमच्या बायबलच्या तासाबद्दल लिहितो कारण माझी श्रद्धा तिथंच घडली. बेळगावातली आमची शाळा, वर्गात मराठी, कानडी, कोकणी, उर्दू सगळं चालायचं, आणि त्या तासाला ख्रिस्ती नसलेली पोरंही हौसेनं बसायची. अब्राहाम, मोशे, दावीद निघाले की बाकावरचा माझा मुस्लिम दोस्त हळूच म्हणायचा, अरे हे इब्राहीम, मूसा, दाऊद, आमच्या घरातलेच की रे!

एकदा कुणीतरी विचारलं, सर आपण ख्रिस्ती ना, मग जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, कशाला, डायरेक्ट नव्या करारातल्या पहिल्या पुस्तकापासून, मत्तयपासून चालू करूया की. सर म्हणाले, एक बोट नव्या करारातल्या लूकच्या ४थ्या अध्यायात ठेवा, दुसरं जुन्या करारातल्या यशयाच्या ६१व्या अध्यायात. नासरेथच्या सभास्थानात, म्हणजे यहुदी लोकांच्या प्रार्थनास्थळात, येशू यशयाची गुंडाळी उघडून वाचतो, दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, प्रभूच्या कृपेचं वर्ष, आणि तिथंच गुंडाळी बंद करतो. आता यशया बघा, वाक्य संपलेलं नाही, पुढं देवाच्या सूडाचा दिवस आहे, तो त्यानं वाचलाच नाही. नुसता लूक हातात असता तर हे कळलं असतं का रे? सगळा वर्ग दोन बोटांमधली पानं मागंपुढं करत बसलेला.

पुढं मी स्वतः वाचत गेलो तसं ते जास्तच पटलं. रानातल्या परीक्षेत येशूनं सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली, वधस्तंभावरची 'माझ्या देवा, माझ्या देवा' ही हाक जुन्या करारातल्याच २२व्या स्तोत्रातली, म्हणजे मरतानासुद्धा त्याच्या तोंडी तेच शास्त्र होतं. मार्सियन नावाच्या माणसानं जुना करार नकोच म्हटलं तेव्हा इ.स. १४४च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीनं त्यालाच बाहेर काढलं, आणि योग्यच केलं. आपल्या पंडिता रमाबाई हिब्रू शिकल्या, केडगावला अख्खं बायबल मराठीत आणलं, नवा करार करून थांबल्या नाहीत. आणि एक, जुन्या करारातले हे ग्रंथ आधी यहुदी लोकांचे, आजही त्यांच्या सभास्थानात वाचले जातात, त्यामुळं ते म्हणजे फक्त आपल्या नव्या कराराची प्रस्तावना असल्यासारखं कुणी बोललं की मला त्रास होतो.

आमच्या मंडळीचं संडे स्कूल आता मी बघतो. मुलांना नुसता नवा करार वाटूया, स्वस्त पडेल, असं मीटिंगमध्ये निघालं तेव्हा मी उभा राहून नको म्हटलं, थोडे पैसे अजून गोळा केले आणि पूर्ण बायबलच घेतली.