रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी

शाळेच्या फाइलमधल्या अहवालानुसार पाण्यात दोष नव्हता. तरी मुलं पहिल्या तासाआधी नळाचं पाणी तोंडात घेऊन थुंकायची. "सर, लोखंडासारखं लागतं." दुपारी मी स्वतः प्यायलो, तर तशी चव अजिबात नाही. तक्रारी सकाळच्या, त्यातही सोमवारी जास्त, तेव्हा संशय टाकीवरून पाइपावर गेला.

जुना नमुना नळ बराच वेळ वाहू देऊन भरलेला होता. जंतू तपासायचे असतील तर ते योग्यच. पण पाइपातून उतरणारे धातू शोधायचे तर रात्रभर तिथेच थांबलेलं पाणी हवं. म्हणून शाळा उघडण्याआधी, कुणीही नळ सोडलेला नसताना, पहिलं पाव लिटर एका बाटलीत धरलं आणि थोडा वेळ पाणी सोडून दुसरी बाटली भरली. प्रत्येक नळाचं असंच. कंटाळवाणं काम, पण दोष नळात की मागच्या पाइपात, हे या जोडीवरूनच कळतं.

पहिल्या बाटल्यांमध्ये लोह भरपूर निघालं. ते अपेक्षितच होतं. धक्का बसला तो शिशाचा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, काही नळांचं पहिलं पाणी तिच्या वर, दुसरं मात्र बरंच खाली. म्हणजे शिसं नळाच्या पितळातून किंवा जवळच्या डाखातून येत होतं. मुलं थुंकत होती लोखंडामुळे. शिशाला ना चव, ना रंग. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "उकळून देऊ या." पण उकळल्याने शिसं जात नाही; पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण उलट वाढतं.

प्लंबरने जिथे तांब्याचा पाइप थेट जस्ताच्या मुलाम्याच्या पाइपाला जोडला होता, तो सांधा कापून दाखवला. आटे खाऊन गेलेले, आत तपकिरी गाठी, मधून जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना भिडले की त्यातला जस्त-लोखंडाचा भाग आधी झिजतो. दहावीच्या वर्गाला मी हे फळ्यावर शिकवतो. तो तुकडा आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे.

तो पाइप बदलला, संशयित नळांच्या जागी शिसेविरहित नळ बसवले. शिपाईमामा रोज सकाळी आधी सगळे नळ सोडून ठेवतात. ते पाणी बागेला जातं. फेरतपासणीत एक सोडून सगळे नळ मर्यादेत आले. त्या एकाची चावी काढून ठेवली आहे आणि त्याच्यामागचा पाइप सुट्टीत उघडायचा आहे.