तुम्ही विचारलंत म्हणून: खाली दम किती वेळ धरायचा?

मालवणला स्कूबा (पाठीवर हवेचं सिलेंडर लावून समुद्राखाली उतरणं) करून आले की सांगलीत कुणी ना कुणी विचारतंच, "खाली दम किती वेळ धरावा लागतो ओ?" अजिबात धरायचा नाही. एक सेकंदसुद्धा नाही. आणि हे मी कळकळीनं सांगतेय, कारण आपण कृष्णेत पोहायला शिकलेली माणसं, घाटावर कोण जास्त वेळ बुडी मारून राहतंय याची पैज लावत मोठे झालो, त्यामुळं डोकं पाण्याखाली गेलं की छाती आपोआप गच्च होते. नेमकी तीच सवय तिथं सोडायची असते. पोहता न येणाऱ्याला उलट हे पटकन जमतं असं मी बघितलंय.

कारण सांगते. १० मीटर खाली दाब वरच्या दुप्पट असतो आणि रेग्युलेटर (तोंडात धरून ज्यातून श्वास घेतो ते यंत्र) तुम्हाला हवाही त्याच दाबाची देतो (सिलेंडरमध्ये साधी हवाच असते, नुसता ऑक्सिजन नाही). आता तिथं छाती भरून दम कोंडला आणि तसंच वर आलात तर ती हवा फुगून दुप्पट होणार, फुफ्फुसाला इजा होऊ शकते. "उथळच तर आहे, काय होतंय" असं म्हणू नका, ३० वरून २० मीटरवर येताना हवा साधारण एक तृतीयांशच वाढते, १० वरून वर येताना मात्र दुप्पट, म्हणजे सगळ्यात मोठा फरक उथळ पाण्यातच पडतो. तोंडानं सावकाश आत, सावकाश बाहेर, बुडबुड्यांचा गुडगुड आवाज चालू राहिला पाहिजे, बस.

दुसरं, कान. उतरायला लागल्यावर दुखायच्या आधीच मास्कवरून नाक चिमटीत धरायचं आणि हलकेच फुंकायचं, दर थोड्या अंतरावर परत. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, पैसे गेले तरी चालतील. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, काहीही असेल तर आधी डॉक्टरला विचारा आणि फॉर्मवर खरं लिहा, प्लीज. आणि हो, अंगठा वर केला की "मस्त" नाही, "मला वर ने" असा अर्थ होतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करून दाखवायचा.

पोहता येत नसेल तरी पहिल्यांदाच्या अनुभवाला चालतं, इन्स्ट्रक्टर सोबत धरूनच असतो. पण ओपन वॉटरचा, म्हणजे स्वतः डाइव्ह करायला शिकवणारा पहिला कोर्स करायचा तर २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं यावं लागतं.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ खाली गेलं की पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे अगदी मास्कला येऊन भिडतात. फोटोसाठी लोक त्यांना पाव टाकतात, मला ते बघवत नाही. तुम्ही टाकू नका, आणि प्रवाळावर पाय ठेवू नका, तो दगड नाही, जिवंत आहे.

परत येताना एक बघा, सांगली समुद्रापेक्षा जवळपास ५५० मीटर उंच आणि वाटेत घाट. डाइव्हनंतर लगेच उंचावर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि अंगात साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. एक छोटी उथळ डाइव्ह असेल तर फार काळजी नाही, पण जास्त केल्या असतील तर रात्री मालवणलाच मुक्काम करा, सकाळी निवांत घाट चढा. पावसाळ्यात हे सगळं बंदच असतं, दिवाळीनंतर पाणी निवळतं, तेव्हाचं बुकिंग करा.