सोनेरी गाडीतून उडालेला माणूस

आईच्या माहेरी, गिरगावातल्या चाळीत, लाकडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर जेमतेम चार इंच लांबीची एक सोनेरी गाडी कित्येक वर्षे पडून होती. थोरले मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते आणि १९६७ साली लंडनहून परतताना त्यांनी ती धाकट्या मामांसाठी आणली होती. चाळ पाडायची ठरली आणि सामानाची वाटणी झाली, तेव्हा भांड्यांवर आणि फोटोंवर पुष्कळ चर्चा झाली. गाडी मात्र कोणीच मागितली नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. तिच्या छपराची झडप अजून टणकन उघडते, पण आतून बाहेर फेकला जाणारा माणूस तिच्यात नाही. आणल्यानंतर आठवड्याभरातच मामांनी त्याला दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून उडवले आणि तो खाली कुठे पडला याचा शोध कधीच लागला नाही.

ही गाडी म्हणजे ‘गोल्डफिंगर’ या १९६४ च्या चित्रपटातील जेम्स बाँडच्या ॲस्टन मार्टिन डीबी५ ची कॉर्गी कंपनीने काढलेली प्रतिकृती. इयन फ्लेमिंग यांच्या १९५९ च्या मूळ कादंबरीत बाँडकडे ॲस्टन मार्टिनचेच डीबी मार्क थ्री हे जुने मॉडेल आहे, पण चित्रपट तयार होईपर्यंत कंपनीची डीबी५ बाजारात आलेली होती. चित्रपटाचे कलादिग्दर्शक केन ॲडम आणि करामतींची जबाबदारी असलेले जॉन स्टीअर्स यांनी या देखण्या, चंदेरी गाडीत पुढच्या दिव्यांमागे मशिनगन, मागे वर येणारी बुलेटप्रूफ ढाल, धूर व तेल सोडण्याची सोय, फिरणाऱ्या नंबरप्लेटा, चाकातून बाहेर येऊन शेजारच्या गाडीचे टायर फाडणारे पाते आणि अर्थातच शेजारच्या नकोशा प्रवाशाला छपरातून बाहेर भिरकावणारे आसन बसवले.

मात्र पडद्यावर जी एक गाडी दिसते ती प्रत्यक्षात एक नव्हती. करामती दाखवणारी गाडी वेगळी होती आणि स्वित्झर्लंडमधील फुर्का खिंडीच्या वळणांवरून धावणारी वेगळी. दोन्ही मिळून आपल्याला एका गाडीचा भास होत असे. सिनेमात असे चालतेच आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु खेळण्याच्या कारखान्यातील माणसांना ही सवलत नव्हती. त्यांना जे दाखवायचे ते एकाच गाडीत, मुलाच्या मुठीत मावेल एवढ्या जागेत आणि पुन्हा पुन्हा करून दाखवावे लागणार होते.

कॉर्गी हे मेटॉय या कंपनीचे १९५६ साली सुरू झालेले नाव. न्यूरेंबर्गमध्ये खेळण्यांचा व्यवसाय करणारे फिलिप उलमान हे ज्यू उद्योजक नाझींच्या काळात जर्मनी सोडून इंग्लंडला आले आणि त्यांनी ही कंपनी उभी केली. पुढे वेल्समधील स्वॉन्झी येथे तिचा मोठा कारखाना झाला, आणि म्हणूनच गाड्यांना वेल्सच्या त्या आखूड पायांच्या कुत्र्याचे नाव मिळाले. लिव्हरपूलच्या डिंकी या प्रतिस्पर्ध्याच्या खेळण्यातल्या गाड्यांना खिडक्यांच्या काचा नसत, तेव्हा कॉर्गीने आपल्या गाड्यांना प्लास्टिकच्या काचा बसवून त्याचीच जाहिरात केली होती. अशा चढाओढीत वाढलेल्या कंपनीला बाँडची गाडी ही संधी वाटली यात नवल नाही.

त्यांनी नवा साचा सुरुवातीपासून बनवला नाही. डीबी४ या आधीच्या मॉडेलची कॉर्गी गाडी होतीच, तिच्याच साच्यात फेरफार करून ऑक्टोबर १९६५ मध्ये २६१ क्रमांकाची ही गाडी बाजारात आली. काटेकोर संग्राहक या उधार साच्यावरून अजून नाक मुरडतात. मला ते फारसे पटत नाही, कारण खरी कारागिरी गाडीच्या पोटात आहे. बाजूच्या कडेवरचे एक बटण दाबले की पुढचे बंपर-दांडे आणि मशिनगन बाहेर येतात; मागचा एक्झॉस्ट पाइप आत ढकलला की काचेमागून ढाल वर उभी राहते; आणि दुसरे बटण दाबताच स्प्रिंग सुटून छपराची झडप उघडते व खलनायक हवेत उडतो. तो हरवणार हे कंपनीलाही ठाऊक असावे, कारण खोक्यात एक जास्तीचा खलनायक, अंगावर चिकटवायचा ००७ चा बिल्ला आणि गुप्त सूचनांचे पाकीटही होते. आमच्या घरी खोके राहिले नाही आणि दुसरा खलनायकही नाही. तो कोणत्या गॅलरीतून गेला हे मामा सांगत नाहीत.

या खेळण्याची किंमत होती ९ शिलिंग ११ पेन्स. १९६५ मध्ये ब्रिटनच्या खेळणी विक्रेत्यांच्या संघटनेने त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळणे ठरवले आणि पुढच्या तीन वर्षांत त्याच्या लाखो प्रती विकल्या गेल्या.

राहिला रंगाचा प्रश्न. चित्रपटातील गाडी चंदेरी असताना ही सोनेरी का? चित्रपटाचे नाव पाहता उत्तर सोपे वाटते, पण संग्राहकांमध्ये सांगितले जाते ते कारण कारखान्यातले आहे: जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव गाडी चंदेरी रंगवली तर ती रंगवायचीच राहून गेली आहे असे दिसे. १९६८ मध्ये थोडी मोठी, फिरत्या नंबरप्लेटांची आणि टायर फाडणाऱ्या पात्यांची, चंदेरी रंगाची २७० क्रमांकाची आवृत्ती आली, ती चित्रपटाशी जास्त इमान राखते. तरीही लोकांना आठवते ती सोनेरीच.

करामती दाखवणाऱ्या मूळ गाडीचे पुढे काय झाले हे वाचल्यावर मला या खेळण्याचा थोडा अभिमानच वाटू लागला. चित्रीकरण आणि प्रसिद्धीचे काम संपल्यावर ॲस्टन मार्टिन कंपनीने तिच्यातील सगळी यंत्रे काढून ती साधी जुनी गाडी म्हणून विकली, नंतरच्या मालकांच्या काळात तिच्यात पुन्हा करामती बसवल्या गेल्या, आणि १९९७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातील बोका रॅटन येथील विमानतळाच्या हँगरमधून ती चोरीला गेली. २०२० पासून ॲस्टन मार्टिनने ‘गोल्डफिंगर’च्या गाडीच्या पूर्ण आकाराच्या २५ नव्या प्रती ग्राहकांसाठी बांधल्या. कर वगळून प्रत्येकीची किंमत २७.५ लाख पौंड. त्यांत धूर आहे, ढाल आहे, फिरत्या नंबरप्लेटा आहेत, मशिनगनचा आभासही आहे. पण त्या रस्त्यावर चालवता येत नाहीत आणि छपराचा तुकडा काढता आला तरी आसनावरचा माणूस काही उडत नाही. दहा शिलिंगला एक पेनी कमी पडणाऱ्या गाडीतला उडतो.

मागच्या महिन्यात मी प्लास्टिकचा एक नवा खलनायक मागवला. जुन्या कॉर्गी गाड्यांचे असे सुटे भाग आजही कोणी ना कोणी बनवत असते. त्याच वेळी गाडी नव्याने रंगवून घ्यावी असेही मनात होते, कारण कडांवरचा सोनेरी रंग पुष्कळ उडालेला आहे. पण उजेडात धरल्यावर लक्षात आले की जिथे जिथे रंग उडाला आहे तिथे खालचा धातू चंदेरी दिसतो, म्हणजे चित्रपटातल्या गाडीसारखा. रंगाचा बेत मी सोडून दिला.

धाकटे मामा आता सदुसष्ट वर्षांचे आहेत. गेल्या रविवारी ते घरी आले तेव्हा मी गाडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा न लावताच बरोबर बटण शोधले आणि खलनायक फ्रिजच्या मागे गेला. फ्रिज हलवायला शेजारच्यांना बोलवावे लागले.