हे सूर्याबद्दल लिहिलंयस का?

मंगळवार, रात्री उशिरा

शुक्रवारी आमच्या विभागातल्या बाई निवृत्त होताहेत. निरोपाचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण "तुझं मराठी चांगलं आहे." हे वाक्य कानावर पडलं की समजावं, काम गळ्यात पडलं.

संध्याकाळी एका बैठकीत मसुदा उरकला. दैदीप्यमान कारकीर्द, तेजस्वी व्यक्तिमत्त्व, जाज्वल्य निष्ठा, उज्वल परंपरा. आईला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे सूर्याबद्दल लिहिलंयस का?" मग कागद ओढून घेतला आणि पेन्सिलीने दोन गोल काढले. ‘दै’ नव्हे, ‘दे’. आणि उज्ज्वलला दोन ज.

दोन्ही चुका मी वर्षानुवर्षं करत आलेय. संस्कृतात एखादी क्रिया जोराने किंवा पुन्हा पुन्हा होते हे सांगायला धातूची सुरुवातच दोनदा म्हणतात. दीप् पासून देदीप्यमान, ज्वल् पासून जाज्वल्य. म्हणजे नुसतं चमकून गेलेलं नव्हे, चमकत राहिलेलं. दैव, दैनिक लिहायची सवय असलेला हात तिथे एक मात्रा जास्त देऊन मोकळा होतो. उज्ज्वलमध्ये ‘उत्’चा त् पुढच्या ज मुळे ज् होतो, म्हणून दोन. ‘प्रज्वलन’मध्ये नुसता ‘प्र’ आहे, म्हणून एकच. मी नेमकं उलटं लिहायचे, उज्वल आणि प्रज्ज्वलन. एकूण ज तेवढेच लागायचे म्हणा.

गोल खोडून झाल्यावरही पत्र काही बरं दिसेना. शब्द शुद्ध झाले, पण बाई त्यात कुठेच नव्हत्या. मग पत्र बाजूला ठेवून शब्दांशीच खेळत बसले.

शब्दाची सुरुवात दोनदा म्हणायची ही खोड मराठीलाही आहेच. लखलख, चमचम, लुकलुक, मिणमिण, धगधग. पण एकाच्या जागी दुसरा बसवायला जा, लगेच नाक मुरडतो. घासलेलं भांडं लखलखतं, तारे लुकलुकतात, दिवा मिणमिणतो. मिणमिणता सूर्य म्हणून बघा. चांदणं टिपूर, ऊन लख्ख. भगभगीत म्हटलं की उजेडाबद्दलची तक्रार त्यातच आली, आणि चकचकीत म्हटलं की आत काहीतरी पोकळ असल्याचा संशय. मला ह्या सगळ्यांत लख्ख प्रिय, आणि तेही उन्हातलं नव्हे. "मला लख्ख आठवतंय" म्हणताना जे म्हणायचं असतं ते तेजस्वी, उज्ज्वल, प्रखर ह्यांतल्या एकालाही पेलणार नाही.

भावनांचंही तेच. प्रेम उत्कट, वेदना तीव्र, विरोध कडवा, प्रश्न ज्वलंत. जाज्वल्य मात्र अभिमान आणि निष्ठा सोडून फारसं कुठे जात नाही. जाज्वल्य आनंद झाला असं अजून कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

रागावर तर आपण आगीचा अख्खा संसार खर्च केलाय. माणूस तापतो, भडकतो, पेटतो, धुमसतो, जळफळतो. भडकणारा बोलून मोकळा होतो. धुमसणारा बोलत नाही, त्याची जास्त भीती वाटते. जळफळाटात थोडा मत्सर असतोच. तळतळाट त्याहून वेगळा, तो दुसऱ्याला लागतो.

मुळापर्यंत गेलं तर उजेड आणि भावना वेगळ्या काढताच येत नाहीत. ‘संताप’ आणि ‘पश्चात्ताप’ दोन्हीत तापच आहे, एक दुसऱ्यावर निघतो, एक आपल्याला भाजतो. ‘राग’ रंगाच्याच धातूतला. संस्कृतात त्याचा अर्थ लाली, ओढ, प्रेमसुद्धा. ते प्रेम आपण ‘अनुराग’मध्ये नेऊन ठेवलं आणि नुसत्या रागाला चिडायला मोकळं सोडलं. ‘शोक’ ज्या शुच् पासून आला त्याचा जुना अर्थ झळकणं, जळणं. शुक्राची चांदणी आणि शोक एकाच घरचे, हे कळल्यावर मी दोन मिनिटं काहीच लिहिलं नाही.

आणि तेज. ज्या तिज् पासून तेज आलं त्याचा अर्थ धार लावणं. तीक्ष्ण त्यातलाच. आणि त्याच धातूपासून ‘तितिक्षा’, म्हणजे सोसणं, सहन करणं.

इथे मला बाई दिसल्या.

नोकरीतलं माझं दुसरंच वर्ष. मी केलेल्या तक्त्यात एका रकान्याची बेरीज वरच्या ओळीपासून घेतलीच नव्हती, आणि तो तसाच वरिष्ठांकडे गेला. दुपारी बाईंनी बोलावलं. मी उभीच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेजारची खुर्ची पायाने थोडी मागे सरकवली आणि म्हणाल्या, "बस. पहिल्यापासून करू." एकेक आकडा त्या वाचत होत्या, मी टिंबं करत होते. पाऊण तास गेला. चूक सापडली तेव्हा त्यांनी फक्त तिच्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच वर जाऊन सांगून आल्या की तक्ता नजरेखालून घालायचा राहिला, चूक माझी. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या दिवशी जो पश्चात्ताप भाजला त्याचे चटके अजून आहेत. तेव्हापासून कुठलीही बेरीज मी खालून वर आणि वरून खाली, दोनदा करते.

मसुदा फाडला. नवीन पत्रात ती खुर्ची घातली, चष्मा घातला, पाऊण तास घातला. "ती दुपार मला लख्ख आठवते" असं एक वाक्य आलं, तेवढाच काय तो उजेड. ‘तितिक्षा’ लिहिलं होतं, पण बाई स्वतःच अर्थ विचारतील आणि मग हसतील, म्हणून काढून टाकलं.

आईने ह्या वेळी वाचून "बरं आहे" म्हटलं. तिच्याकडून हे म्हणजे पुष्कळ.

फक्त आमच्या साहेबांना ते फार साधं वाटणार. समारंभ आहे म्हटल्यावर त्यांना थोडा झगमगाट लागतो. म्हणून शेवटच्या ओळीत एक देदीप्यमान ठेवलंय. ‘दे’ लावून.