तुम्ही विचारलंत म्हणून: पाचशे रुपये आणि लहान मुलाची खेळणी

‘मूल वर्ष-दोन वर्षांचं आहे, पाचशेच्या आत काय घेऊ?’ वाढदिवस आणि दिवाळी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला बहुधा एकाच खेळण्याचं नाव हवं असतं. पण पाचशे रुपयांत चार-पाच गोष्टी येतात, फक्त आधी काही खर्च थांबवायला हवेत. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

वॉकर घेऊ नका. त्यात बसलेलं बाळ चवड्यांनी जमीन मागे ढकलत राहतं. तोल सांभाळायची गरजच पडत नाही, त्यामुळे चालणं काही लवकर येत नाही. उलट उंबरा, जिना आणि टेबलावरचा गरम चहा यांच्यापर्यंत ते क्षणात पोचतं. कॅनडात 2004 पासून वॉकरच्या विक्रीवर बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल मागे उभं राहतं आणि स्वतःच्या पायांवर भार घेतं. मात्र हलका गाडा पुढे पळतो आणि मूल तोंडावर आपटतं. खालच्या फळीवर दोनेक किलोचं वजन घट्ट बांधलं, तर तो बेतानं सरकतो.

दुसरं, जत्रेत किंवा सिग्नलवर मिळणारी लुकलुकणारी, गाणारी स्वस्त खेळणी. बहुतेकांत बटन सेल, म्हणजे घड्याळातले असतात तसे चपटे गोल सेल, असतात आणि झाकण नखानंही उघडतं. हा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यामुळे त्यातून प्रवाह वाहतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतला भाग गंभीर भाजू शकतो. लक्षणं कधी कधी नुसती लाळ गळणं किंवा जेवण नाकारणं एवढीच असतात. शंका आली तरी उलटी करवू नका, तडक रुग्णालयात जा आणि ‘बटन सेल गिळला असावा, एक्स-रे काढा’ असं स्वतःहून सांगा. सेलचं खेळणं घ्यायचंच असेल, तर झाकणाला स्क्रू हवा. पाण्यात फुगणारे जेली बॉल आणि सुटे गोळी-चुंबकही या वयाच्या घरात नकोत. दोन चुंबकं गिळली गेली, तर आतड्याच्या दोन वळ्यांना मधे धरून एकमेकांना चिकटतात.

दुकानात काय बघायचं? 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर आयएस 9873 हा मानकाचा क्रमांक (विजेवरच्या खेळण्याला आयएस 15644) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का, ते कळतं. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी खेळण्यावर चिन्ह नसलं म्हणजे ते वाईट असं नव्हे. तिथे रंग कोणता आहे ते विचारा. लाखेचा असेल तर उत्तम. साधा ऑइलपेंट असेल, तर मूल सगळं तोंडात घालण्याच्या वयातून बाहेर येईपर्यंत थांबा. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग सुटतो का ते कळतं, पण रंगात शिसं आहे की नाही हे त्यावरून कळत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

घरी एक साधी चाचणी करा. पुठ्ठ्याला साडेचार सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक पाडा. त्यातून जे आरपार जातं, ते तीन वर्षांच्या आत नको. टेबल टेनिसचा चेंडू चार सेंटिमीटरचा, म्हणजे तो नापास. सागरगोटे आणि चिंचोके तर नकोतच, ते घशाइतकेच नाकात आणि कानातही जातात. भावल्यांचे डोळे, बटणं, गाडीची चाकं चिमटीत धरून दहा मोजेपर्यंत जोर लावून ओढा. दीड वर्षाच्या आतल्या मुलाच्या खेळण्याची दोरी वीतभरापेक्षा लांब असेल, तर कापून टाका. नातेवाइकांकडून आलेलं जुनं प्लास्टिक हाताला चिकट लागत असेल, तर ते ठेवू नका. प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन पृष्ठभागावर येऊ लागलेलं असतं.

आता खरेदी. पहिला चेंडू, बारा-पंधरा सेंटिमीटरचा. हवा थोडी कमी ठेवा. टणक फुगवलेला चेंडू लहान हातांतून निसटतो, जरा दबणारा धरता येतो. मग एक इंची रंगाचा ब्रश, रंगाशिवाय. मगात दोन बोटं पाणी घेऊन मुलाला गच्चीच्या किंवा बाल्कनीच्या फरशीवर ‘रंगवू’ द्या. एप्रिलच्या उन्हात चित्र बघता बघता वाळतं आणि पुन्हा काढायला जागा मोकळी होते. बादली मात्र जवळ ठेवू नका. थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. मेणाच्या जाड खडूंचा सहा रंगांचा डबा पुरतो. चोवीस रंगांच्या बारीक खडूंचे तुकडे होतात आणि ते तोंडात जातात. कागद विकत कशाला, पाठकोरे चालतात.

उरलेले पैसे सगळे ठोकळ्यांवर घाला. चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत मूल ज्याकडे परत परत वळतं, असं दुसरं स्वस्त खेळणं मला माहीत नाही. तयार लाकडी संच महाग असतो, पण फर्निचर करणाऱ्या सुताराकडे पट्ट्यांचे तुकडे उरतात. साग किंवा पाइन घ्या. प्लायवूड आणि एमडीएफ नको, त्यात डिंकाची रसायनं असतात आणि कडेच्या कुसळ्या निघतात. पाइन पॅकिंगच्या खोक्याचं असेल, तर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, ते घेऊ नका.

माप साडेतीन बाय सात बाय चौदा सेंटिमीटर. असे बारा, आणि साडेतीन बाय सात बाय सात असे बारा. दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो, दोन आडव्यांची जाडी एकाच्या रुंदीइतकी भरते, म्हणून मूल रचेल तसं जुळत जातं. सुताराला एवढंच सांगा, की मशीनची पट्टी एकदा लावून सगळे एकाच मापात काढ. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी मनोरा डुगडुगतो आणि मूल कंटाळून उठतं. मग घरी 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं कोपरे आणि कडा गोल करा, नंतर 120 नंबरचा फिरवा. त्यानंतर ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, ते 220 नंबरनं काढा. ही पायरी गाळली, तर पहिल्याच लाळेनं ठोकळा खरखरीत होतो. व्हार्निश लावू नका.

पावसाळ्यात घरात अडकलेल्या मुलासाठी मातीसारखा गोळा करता येतो. एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक मोठा चमचा तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि एक वाटी पाणी. हवी तर हळद किंवा थोड्या पाण्याऐवजी बिटाचा रस. सगळं थंडच कालवा, गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर ढवळत राहा. चार-पाच मिनिटांत गोळा कडा सोडतो. कोमट झाला की मळा. हाताला चिकटला तर तो कच्चा आहे, पुन्हा मिनिटभर आचेवर ठेवा. वरून कोरडा मैदा घातला तर नंतर भुगा होतो. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. अजून सगळं तोंडात जात असेल, तर हा गोळा नको, इतकं मीठ पोटात जाणं वाईट. साध्या कणकेचा गोळा द्या आणि संध्याकाळी टाका.

बाकीचं स्वयंपाकघरात आहेच: उतरत्या मापाच्या वाट्या, चाळणी, पळी, दाबून बसणाऱ्या झाकणाचा डबा. आणि सगळं एकदम समोर ओतू नका. तीन पिशव्या करा, एक बाहेर आणि दोन माळ्यावर. पंधरवड्यानं बदला.

घरात सहा-सात वर्षांचं मोठं भावंड असेल, तर त्याचं काम आणखी स्वस्तात होतं. टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांनी 1978च्या सुमारास मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काडेपेटीच्या काड्यांचा मेकॅनो, म्हणजे सुटे भाग जोडून आकार बनवायचा खेळ, तयार केला. सायकलच्या दुकानातून काळी व्हॉल्व्ह ट्यूब आणा, दीड सेंटिमीटरचे तुकडे करा, काड्यांचं गूल आधी मोठ्या माणसानं खरवडून काढा. तुकड्यात दोन्हीकडून काड्या खुपसल्या की सांधा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी तसाच राहतो, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. छपराच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे त्याला हातानंच कळतं. ट्यूबचे तुकडे त्या पुठ्ठ्याच्या भोकातून सहज जातात. तेव्हा हा खेळ धाकट्याच्या झोपेच्या वेळी, उंच टेबलावर. तुकडे मोजून काढा आणि मोजूनच स्क्रूच्या झाकणाच्या बरणीत परत भरा.